आजींचा घरचा आवाज

अतिदक्षता विभागात धीरकाका नेमकं काय काम करतात, हे नव्या माणसाला समजावताना नर्सबाईंची पंचाईत व्हायची. इंजेक्शन देत नाहीत, नळ्या बदलत नाहीत. रुग्णालयाने त्यांना नेमलंय ते प्रार्थनेसाठी. कुणी मागितली तर ज्याच्या त्याच्या धर्माची प्रार्थना म्हणायची, नाही मागितली तर नुसतं शेजारी बसायचं. पण गप्प बसणं काकांच्या रक्तातच नव्हतं. सुरुवातीला ते उपदेशाचे असे डोस पाजत की शेवटी एका पेशंटच्या मुलाने हात जोडले, "काका, जरा गप्प बसता का?" तेव्हापासून काका ऐकायला शिकले. माणूस मात्र मुळातच लाखात एक.

त्या सकाळी कोपऱ्यातल्या खाटेपाशी एक आजी उभ्या होत्या. आजोबांची आशा डॉक्टरांनी सोडली होती. मुलगी पोहोचली की व्हेंटिलेटर काढायचा होता. गुंगीचं औषध कमी केलं, तरी आजोबांची काही हालचाल नव्हती.

"अहो, ऐकताय ना? मी आलेय," आजी हळुवारपणे विनवत होत्या. मग काकांकडे वळल्या. "मी जवळ आहे हे न कळताच जातील हो ते. तेवढं तरी कळू दे त्यांना."

काकांच्या ओठांवर प्रार्थना आली होती, ती त्यांनी गिळली. "आजी, घरी असंच बोलता यांच्याशी?"

"छे! घरी दिवसभर खडसावतच असते. ऐकतात कुठे!"

"मग हा गोड आवाज ते ओळखणार कसे? कुणी परकी बाई आलीय वाटत असेल. नेहमीसारखं बोला."

आजींनी पदर खोचला. मग कमरेवर हात ठेवून कडाडल्या, "अहो! किती वेळ लोळणार? मोरीतला नळ अजून गळतोय! उद्या करतो, उद्या करतो म्हणून वर्ष घालवलंत, आणि आता माझ्या जिवाला घोर लावून इथे खुशाल पडलात!"

नर्सबाई धावत आल्या. काकांनी त्यांना खुणेनेच थांबवलं.

चादरीवरचा आजोबांचा हात जरासा उचलला गेला. तळवा आजींकडे वळला आणि पुन्हा खाली पडला.

"बघा! घरी अस्साच हात करतात, पुरे म्हणून!" हसता हसता आजींना रडू फुटलं. तो हात त्यांनी घट्ट धरला. "नाही, पुरे नाही. माझं अजून बोलून व्हायचंय."

काकांनी त्यांच्यामागे खुर्ची सरकवली. मुलगी येईपर्यंत आजी नळाबद्दलच बोलत होत्या.