घोडागाडीवाल्यांचं आमिष

बायकोच्या मौतीचा चाळिसावा दिवस होतो न होतो, तोच लोकांना माझ्या लग्नाची घाई सुटली. आमच्यात नवरा मेला की बाईनं इद्दत पाळायची, चार महिने दहा दिवस घरात. पुरुषाला काहीच नाही. जणू आमचं कुणी मेलंच नाही.

मी दुबईत, ऊद मेथाला लेकीकडे राहतो. तिनं एक इंग्रजी कादंबरी आणली आणि रोज जेवणानंतर मला मराठीत सांगू लागली. कव्हरावर दाढीवाला गडी, मिशी साफ, अगदी माझ्यासारखी. शेजारी डोकं झाकलेली बाई, मागं घोडागाडी. मी विचारलं, "हे कुठले? रत्नागिरीचे की रायगडचे?"

नात हसून लोळली. "नाना, दे आर अमिश. फ्रॉम अमेरिका."

"आमिष?"

मी चौथी शिकलोय, पण हा शब्द मला पेपरातून पाठ आहे. आखातात नोकरीचं आमिष दाखवून फसवलं, असं नेहमी छापून येतं. गळाला लावतात ते.

"अब्बा, त्या जमातीचं नाव आहे ते," लेक म्हणाली. "वीज नाही, मोटार नाही. सगळे एकमेकांना धरून राहतात."

धरून राहणारी जमात मला सांगायची नाही. तरुणपणी इथंच, दुबईच्या देऱ्यात, एका खोलीत आम्ही आठ कोकणी राहिलो. धरतात ते गळ्याला.

आणि गोष्ट तरी काय? त्या गड्याची बायको थंडीत मरते. पीक काढायच्या आत शेजारची विधवा सफरचंदाचा केक घेऊन येते. हा एक आसू ढाळतो, देव खूण देतो, खलास, लग्न. मेलेलीच्या चपला दारातून कुणी उचलल्या, तिच्या ओढण्यांचं काय केलं, यावर एक ओळ नाही. लिहिणाराच्या घरात कुणी मेलेलं नसणार. भरल्या पोटाची करमणूक आहे ती.

मग रविवारी शारजाहून आमच्याकडचीच एक विधवा आली, डब्यात सांदण घेऊन. आता मला आमिषाचा अर्थ नीट कळला. लेक चहाच्या निमित्तानं आत गेली. नातीलाही ओढून नेलं.

बाई हळूच म्हणाली, "भाईजान, तुम्हालाही ते घोडागाडीचं पुस्तक ऐकवलं काय?"

"रोज."

"मला भावजयीनं मोबाइलवर पाठवलं. त्याची पहिली बायको कशानं मेली, तेवढं लिहिलेलं नाही."

"त्यांना मेलेलीशी काय करायचंय?"

तिनं आतल्या दाराकडं पाहिलं. "मला लग्न नकोय. पण मी नाही म्हटलं तरी मला भावाच्याच घरात राहायचंय. भावजय बोलून बोलून खाईल. तुम्ही नाही म्हणा. पुरुषाचं ऐकतात."

"माझी लेक चिडेल."

"लेक आहे. चिडेल आणि जेवायला वाढेल."

चहा झाला, ती गेली.

लेकीनं डबा माझ्यापुढं सरकवला. "काय मग, अब्बा?"

मी एक सांदण तोडून तोंडात घातलं. म्हटलं, "चिवट आहे. असल्या हातचं मला जन्मभर खायचं नाही. कळव त्यांना."

"सांदणावरून नाही म्हणता?" लेक रागानं उठून गेली. दुसऱ्या दिवसापासून पुस्तक बंद झालं.

सांदण चिवट नव्हतं. बायको करायची तसंच मऊ होतं. दुसरं मला गिळवलं नाही.