भाड्याने मिळालेल्या मॅडम

विद्यापीठाच्या शरीररचना विभागाने ठरवलं, की आपले शिक्षक आणि हाडांच्या पेट्या फी घेऊन बाहेरच्या शाळांनाही द्यायच्या. पहिली मागणी आली ती अंध मुलामुलींना मालिश आणि व्यायामोपचार शिकवणाऱ्या शाळेची. विभागप्रमुखांनी मॅडमचं नाव पुढे केलं. निवृत्ती तोंडावर आलेली, त्यात ही नवी दगदग. मॅडमच्या अगदी जिवावर आलं.

"म्हणजे आता तू भाड्याने मिळणार तर!" चहा गाळता गाळता नवरा हसला.

"मिळेन की. पण संध्याकाळी घरी आणून सोडायचं, ही अट!"

पहिल्याच तासाला घोळ झाला. विषय होता खांद्याचा सांधा. आयुष्यभराच्या सवयीने मॅडम फळ्याकडे वळल्या आणि रंगीत खडूंनी सुरेख आकृती काढू लागल्या. 

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, चित्र झकास आलं असणार. पण आमच्यापर्यंत पोचलं नाही हो!"

सगळे खो खो हसले. मॅडमना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. "चुकलंच गं माझं," म्हणत त्यांनी खडू ठेवला, पेटी उघडली आणि खांद्यामागचं चपटं, तिकोनी हाड तिच्या हाती दिलं.

मुलीने त्याच्या कडा चाचपल्या, मधला आडवा कंगोरा बोटाने पुढे-मागे तपासला आणि शेजारणीच्या पाठीवर तोच शोधला. "हा बघ, सापडला!" मग काय, सगळा वर्ग एकमेकांच्या पाठी चाचपू लागला. गुदगुल्या, किंचाळ्या, नुसता धुडगूस.

"मॅडम, तुमचा बघू?"

मॅडम पाठमोऱ्या झाल्या. मुलीचा हात थबकला. "हात वर करा बघू... इथेच अडतो ना? आखडलाय."

केस विंचरताना मॅडमच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण घरीदारी त्या ब्र काढत नव्हत्या. तिथल्या उपचार शिकवणाऱ्या सरांनी खांदा तपासला. तेव्हापासून तास संपला, की त्यांच्या देखरेखीखाली ती मुलगी मॅडमचा हात हळूहळू सोडवायची. "ओरडा खुशाल, मी थांबणार नाही," असा दमही द्यायची.

सत्र संपेपर्यंत हात डोक्यावर जाऊ लागला. फी विभागाच्या खात्यात जमा झाली, तेव्हा मॅडम संकोचून प्रमुखांना म्हणाल्या, "सर, खरं तर ही मी भरायला हवी होती."

"मग पुढच्या सत्रात कोणाला पाठवू?"

"मीच जाते ना!"

आता विद्यापीठातल्या पोरांच्या हातीही त्या आधी हाड देतात आणि म्हणतात, "डोळे मिटा रे सगळ्यांनी."