दळवी काकांचा शुक्रवार

कात्रपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये शुक्रवारी सकाळी बेल वाजली की दारात दळवी काका. चप्पल बाहेर काढायची, सरळ कॉम्प्युटरच्या टेबलाखाली वाकायचं आणि यूपीएसच्या डब्याचा प्लग भिंतीतून उपटायचा. डबा पीं-पीं करू लागला की कमरेवर हात ठेवून ऐकत उभे. "वाजू दे सुषमा, घाबरू नको. ओरडतोय म्हणजे जिवंत आहे."

शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, त्याआधीची ही फेरी. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत इलेक्ट्रिकल खात्यात त्यांचा जन्म गेलेला. रिटायर झाल्यावर गप्प बसवेना. मी घरी डीटीपीची कामं करते, वरच्या मजल्यावर क्लास, खाली घरून नोकरी करणारी पोरं. सगळ्यांकडे कॉम्प्युटर आणि त्याखाली डबा. कुणी डब्यावर टेबलफॅन लावलेला दिसला की काका तापायचे. "अरे, फाइल सेव्ह करायची, मशीन नीट बंद करायचं, एवढ्यापुरता आहे तो! त्याच्या जिवावर संसार करू नका." पोरं हसायची, "आले बघ इन्स्पेक्टर."

मग कंपनीतल्या वाफांनी हिशोब चुकता केला. फुप्फुसं गेली. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, नाकाला नळी लागली आणि फेरी बंद पडली. तरी बिल्डिंगच्या ग्रुपवर दर शुक्रवारी त्यांचा मेसेज यायचाच, "प्लग काढा." खाली अंगठ्यांची रांग. प्लग मात्र कुणी काढत नव्हतं. मी काढायचे, कारण मला ते फोनच करायचे. "डब्याजवळ धर फोन. ऐकव." धाप लागलेली असायची, पण आवाज ऐकल्याशिवाय ठेवायचे नाहीत.

त्या दिवशी सकाळीच वादळी वाऱ्यात झाड तारांवर पडलं आणि लाइट गेली. काकांच्या इन्व्हर्टरने दुपारपर्यंत मशीन ओढलं. मग सिलिंडर लावला. तोही संपत आला, तसा त्यांचा मुलगा महेश दुसरा आणायला उल्हासनगरला पळाला. तो परतायच्या आत काकूंची हाक आली, "अगं कुणीतरी या गं!"

सगळे धावले, हातात आपापले डबे घेऊन. एक लावला, टक् करून मेला. दुसरा लावला, तोही गेला. कुणी सकाळी वायफाय चालवून रिकामा केलेला, कुणाची बॅटरी कधीचीच फुगलेली. अजून संताप येतो मला. माणसं वाईट नव्हती हो, जिने चढून धापा टाकत आली होती. पण काय आणलं होतं त्यांनी?

माझा डबा लागला. लाइट गेल्या गेल्या मी कॉम्प्युटर बंद करून डबाही बंद ठेवला होता. मशीन घरघरलं. काकांचे ओठ निळे पडले होते. त्यांनी डबा ओळखला, माझ्याकडे बघितलं. "तुझं मशीन... नीट बंद केलंस ना?"

"हो काका."

"शहाणी आहेस."

डबा ओरडत होता. काकूंनी माझा हात घट्ट धरला. "ओरडतोय म्हणजे जिवंत आहे, असंच म्हणतात ना गं हे?" मी मान हलवली. पीं-पीं घाईघाईने व्हायला लागली होती आणि तिचा अर्थ मला काकांनीच शिकवला होता. त्यांनाही तो कळत होता. त्यांनी डोळे मिटले.

डबा गप्प झाला. लाइट येईल या आशेने मी मशीनचा प्लग परत भिंतीत खोचला. लिफ्ट बंद, म्हणून महेश सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढत होता. त्याची पावलं आम्हाला ऐकू येत होती. तो आत आला तेव्हा काकू काकांच्या छातीवर हात ठेवून बसल्या होत्या. सिलिंडर त्याने हळूच भिंतीला टेकवला.

संध्याकाळी लाइट आली. खोलीतलं मशीन आपलं आपण सुरू झालं आणि उशीवर पडलेल्या नळीतून हवा सूं-सूं वाहू लागली. काकू त्या नळीकडे बघत राहिल्या. शेवटी मी वाकले आणि प्लग भिंतीतून उपटला.