डावखुऱ्याच्या कपाळी कुंकू

खंडेनवमी, गेल्या वर्षीची, सकाळ. जबाबदार: माझी पत्नी.

नाताळच्या सुट्टीतला रविवार, लंडनजवळ पिनरच्या आमच्या घरी, जेवणानंतर. जबाबदार: माझा मुलगा, राहणार मँचेस्टर.

गुढीपाडव्याचे जेवण, आमच्या मराठी मंडळाने भाड्याने घेतलेला शाळेचा हॉल. जबाबदार: साउथहॅम्प्टनहून येणारे डॉक्टर, आणि त्या दिवशी जे जे हसले ते सर्व.

हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी ‘असे काही घडलेच नव्हते’ असे म्हणू नये. या देशात माझी हयात सॉलिसिटरांच्या कचेरीत, दुसऱ्यांचे करार वाचण्यात गेली. कौन्सिलला मी पत्रे लिहितो, रेल्वेला लिहितो, आणि उत्तर आले नाही तर पुन्हा लिहितो. घरात याची चेष्टा होते. होवो.

प्रकरण एका बेसबॉल खेळाडूच्या कार्डांचे आहे. मुलगा मँचेस्टरला शिकत असताना तिथल्या बेसबॉल क्लबात खेळू लागला. नोकरीच्या पहिल्या पगारातून त्याने मला एक कार्ड आणून दिले. खेळायच्या पत्त्याएवढे, हौशी लोक जमवतात तसले, वर एका अमेरिकन पोराचा फोटो, डावा हात मागे खेचलेला, चेंडू आता सुटणार. त्या खेळाडूचे ते पहिलेच कार्ड. “बाबा, क्रिकेट काय, सगळेच बघतात. हा आपल्या दोघांचा.” तेव्हा ठरले की दरवर्षी त्या डावखुऱ्याचे नवे कार्ड निघाले की दोन प्रती घ्यायच्या, एक पिनरला, एक मँचेस्टरला, आणि दर रविवारी फोनवर त्याच्या खेळाविषयी बोलायचे. त्याखेरीज बोलायला आम्हा बापलेकांकडे दुसरा विषय नव्हता, आणि त्याची कधी अडचणही झाली नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे पोटापाण्याच्या हत्यारांची पूजा होते. पाटावर माझी कायद्याची पुस्तके, तिचे शिवणाचे मशीन, स्वयंपाकघरातली विळी. गेल्या वर्षी तिने त्यात माझा कार्डांचा अल्बम मांडला, कारण निवृत्तीनंतर मी ‘तेवढंच तर करतो’. इथवर माझी हरकत नव्हती. पण तिने ते पहिले कार्ड त्याच्या प्लॅस्टिकच्या कव्हरातून बाहेर काढले आणि ओल्या बोटाने त्या खेळाडूच्या थेट कपाळावर हळद आणि कुंकू लावले.

मी ओरडलो.

“अहो, पुस्तकांना लावते, मशीनला लावते. ह्यालाच काय सोनं लागलंय?”

“कुंकवाने मशीन बिघडत नाही! ह्या कार्डाला आता कोण हात लावेल?”

“मग देवापुढे तुमचं काही ठेवायचंच नाही का?”

मी रुमालाने पुसायला गेलो. माझा उजवा हात काही महिन्यांपासून थरथरतो, आणि पुसले ते त्याच हाताने. कुंकू नाकापर्यंत पसरले. ते कार्ड मी तिच्या चहाच्या खुर्चीसमोर उभे करून ठेवले. तिने खुर्ची फिरवली आणि पाठ करून चहा घेऊ लागली. कार्ड अजून तिथेच आहे. खुर्चीही तशीच.

खेळाडूची घसरण आधीच सुरू झाली होती. त्या हिवाळ्यात बातमी आली की त्याच्या खांद्यात दम राहिलेला नाही आणि क्लबाने त्याला खालच्या संघात उतरवले आहे. नाताळात मुलगा आला, तेव्हा जेवणानंतर मी विषय काढला.

“बाबा, लेट इट गो. ही इज डन.”

“कोण म्हणतो?”

“त्याची टीमच म्हणते. मी तर माझी कार्डं चॅरिटी शॉपला देऊन टाकली. उन्हाळ्यातच.”

“उन्हाळ्यात? मग दर रविवारी आपण फोनवर बोलत होतो ते काय होतं?”

“तुम्ही बोलत होता, बाबा. मी हं हं करत होतो.” मग माझा चेहरा पाहून म्हणाला, “कोणीतरी यंग घ्या ना. वर जाणारा.”

मार्च उजाडला. कार्डांच्या दुकानातल्या बाईंनी नेहमीप्रमाणे विचारले, या वर्षीही त्याच्या दोन प्रती तुमच्यासाठी बाजूला काढू ना? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी म्हणालो, विचार करून सांगतो.

तो विचार पाडव्याच्या जेवणात झाला.

“काय वकीलसाहेब, तुमचा गडी बाद झाला म्हणे!” डॉक्टर ताट घेऊन आले. “वहिनी, कुंकू तुम्हीच लावलंत ना? बरोबर आहे. बोकडाला आधी कुंकूच लावतात!”

टेबल हसले. सभ्यता म्हणून मीही हसलो.

“काका, तरी बाबा त्याला सोडत नाहीत,” पाडव्यासाठी आलेला मुलगा म्हणाला.

“अरे, आता कसा टाकतो तो, दाखवू?” डॉक्टरांनी ताटातला बटाटेवडा उचलला. उजव्या हाताने. हात वर गेला, मनगटापासून लटलटू लागला, अंगठा बोटावर घासू लागला, आणि वडा श्रीखंडात पडला.

आता पुरावा पाहा. खेळाडू डावखुरा आहे. दुखणे त्याच्या खांद्याला आहे, आणि दुखऱ्या खांद्याने हात असा थरथरत नाही. तो हात माझा होता. दिवाळीच्या कार्यक्रमात याच डॉक्टरांनी तो आपल्या हातात घेऊन पाहिला होता आणि काळजी करू नका असे म्हटले होते. नक्कल अचूक होती. निरीक्षण चांगले असल्याखेरीज तशी जमत नाही. आणि टेबलावरचा प्रत्येक जण ती ओळखून हसला. माझा मुलगा मान मागे टाकून हसला.

“भाऊजी,” पत्नी म्हणाली, “पेशंटांनाही असंच करून दाखवता का?”

डॉक्टरांनी वडा श्रीखंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवला. मग कोणीतरी पुऱ्या मागितल्या आणि हसणे पुन्हा सुरू झाले. पत्नीला मी वरच्या यादीतून वगळलेले नाही. तिच्या बाजूने एवढी नोंद मात्र करतो.

सोमवारी मी दुकानात जाऊन दोन्ही प्रती घेतल्या. या वर्षीच्या फोटोत तो बाकावर बसला आहे, डाव्या खांद्यावर जाकीट टाकून. मला त्याची दया येत नाही. तो वाईट खेळतो, आणि यापुढे आणखी वाईट खेळेल. पण एका पक्षाचा हात थकला म्हणून दुसरा पक्ष मोकळा झाला, असे कलम मी कोणत्याही करारात वाचलेले नाही. वर जाणाऱ्याचीच कार्डे ठेवायची हा नियम मी आज मान्य केला, तर उद्या तोच मला लावला जाईल, आणि तेव्हा हरकत घ्यायला मला तोंड उरणार नाही. म्हणून तो खेळ सोडीपर्यंत मी त्याची कार्डे घेत राहीन, दोन-दोन. कार्ड कव्हरात सरकवणे मला आता जमत नाही. ते पत्नी करते, आणि मी तिचे आभार मानत नाही.

हा मजकूर मंडळाच्या गणपती अंकात एक शब्दही न गाळता छापावा. डॉक्टरांकडून मला काही नको. त्यांना काय दिसते ते त्यांनी दाखवले आहे. माझी मागणी मुलाकडे आहे. गणपतीत आरतीनंतर, त्याच हॉलमध्ये, त्याच माणसांसमोर त्याने उभे राहावे आणि पाडव्याला तो कोणाच्या हाताला हसला ते मोठ्याने सांगावे. फोनवर दिलेले उत्तर मी उत्तर धरणार नाही. हं हं तर मुळीच नाही.