डोमाजीने गाळलेला शब्द

दारव्ह्याच्या कोर्टात पुकारा करणारा शिपाई म्हणजे डोमाजी. त्याने नाव पुकारलं की आवारात कडुलिंबाखाली पेंगणारा पक्षकार धोतर सावरत उठायचा. साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं करून शपथ देणं हेही त्याचंच काम. तो आधी म्हणायचा आणि साक्षीदार त्याच्यामागून म्हणायचा, ‘ईश्वराला स्मरून खरं सांगीन, खोटं सांगणार नाही.’ मी तिथे एका वकिलांचा मुन्शी होतो. फायली वाहणं माझं काम आणि दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणं माझी हौस.

छप्पन साली सगळ्यांचीच डोकी फिरली. ऑक्टोबरात डोमाजी आणि त्याची बायको सत्यभामा नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले. नोव्हेंबर लागताच आमचा अख्खा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. आम्ही मात्र होतो तिथेच होतो. अपील कुठे करायचं, यावर वकिलांच्या खोलीत बरेच दिवस खडाजंगी चालली. शेवटी कळलं की जायचं नागपूरलाच, त्याच इमारतीत, फक्त ते हायकोर्ट आता मुंबईचं. एखाद्याला हे समजलं असं वाटावं, तोच दुसरा काहीतरी विचारायचा आणि दोघंही पुन्हा गोंधळायचे.

या धांदलीत डोमाजीचा गोंधळ कुणाला दिसलाच नाही. जुने देव मानणार नाही, असं तो हजारो माणसांत उभा राहून मोठ्याने बोलून आला होता. कोर्टात परतल्यावर पहिल्याच साक्षीदाराला शपथ द्यायला त्याने तोंड उघडलं आणि पहिला शब्द काही बाहेर पडेना. मग तो नुसतं ‘खरं सांगीन, खोटं सांगणार नाही’ एवढंच म्हणाला. न्यायाधीश साहेब लिहिण्यात गुंतले होते, कारकून जांभई देत होता. कुणी हटकलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीही तेच, आणि पुढे रोजच.

हे त्याने फक्त मला सांगितलं होतं. “मले काही समजून नाही राह्यलं, मुन्शीजी,” तो म्हणाला. “तिकडं म्हनलं देव मानत नाही. इकडं लोकायले देवाची शपथ देऊ, त मंग तिकडची खोटी होते. आन् नाही देऊ, त इथली नोकरी खोटी.” साहेबांना विचार, असं मी सुचवलं. विचारायला गेलो आणि नोकरीच गेली तर, असं त्याने मलाच विचारलं. मग गप्प राहा म्हटलं. दुसऱ्याला सल्ला द्यायला माझं काय जातं?

तीन वर्षं निभावलं. मग नेमसिंगचा दावा उभा राहिला. नेमसिंग आमचाच पक्षकार. त्याच्या बंजारा तांड्यातून बाजाराकडे जाणारी गाडीवाट भगवानरावांच्या शेतातून जायची, आणि भगवानरावांनी ती नांगरून टाकली होती. कापसाच्या गाड्या तांड्यातच अडकल्या. वाट जुनी आहे हे सांगणारं एकच माणूस उरलं होतं, नेमसिंगची म्हातारी आई धनीबाई. तिचे सासरे बैलांच्या पाठीवर मीठ लादून गावोगाव न्यायचे, आणि लग्न होऊन आली तेव्हा ती त्याच वाटेने त्या लदेणीच्या बैलांमागे चालत आली होती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सारत तिने पिंजऱ्यात उभं राहून हे असं सांगितलं की भगवानरावांच्या वकिलांचा चेहरा पडला.

पण ते काही कच्चे नव्हते. ते उठले आणि म्हणाले, या बाईला शपथच दिलेली नाही, शिपायाने ईश्वराचं नाव घेतलंच नाही. साहेब नवीनच बदलून आले होते. त्यांनी डोमाजीला विचारलं आणि त्याने हात जोडून सगळं सांगून टाकलं. तीन वर्षांतले सगळे निकाल आता उलटे होणार का, जेलातली माणसं सुटणार का, असं तो साहेबांनाच विचारू लागला. गप्प राहा म्हणणारा मी, फायलीत डोकं घालून बसलो.

साहेबांनी पुस्तक उघडलं, शांतपणे वाचलं. शपथेत चूक राहिली म्हणून साक्ष बाद होत नाही, आणि ज्याला देवाचं नाव नको त्याच्यासाठी नुसती प्रतिज्ञाही कायद्यात आहे, असं त्यांनी सांगितलं. यापुढे साक्षीदाराला विचारून मग शपथ द्यायची. झालं, सुटला बिचारा, असं मला वाटलं.

तेवढ्यात पिंजऱ्यातून धनीबाई बोलली. देवाचं नाव नव्हतं, तर आपण बोललो ते बोललोच नाही समजा, असं तिचं म्हणणं. नेमसिंग ‘याडी, याडी’ अशी आईला हाक मारत विनवू लागला, पण ती त्याच्याकडे बघेना. आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. दुसरा कुणी शपथ देईल, असं साहेबांनी सुचवलं, तर तिने मान हलवली.

“यानंच बिनदेवाचं बोलाले लावलं मले,” ती म्हणाली. “आता यानंच देवाचं बोलाले लावावं.”

साहेब डोमाजीला म्हणाले, तुझ्यावर सक्ती नाही. तसं म्हटलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. हुकूम असता तर तो हुकुमाकडे बोट दाखवून मोकळा झाला असता. डोमाजीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा दाराशी उभ्या असलेल्या तांड्यातल्या माणसांकडे पाहिलं. मग पुकारा करायच्या त्याच खणखणीत आवाजात त्याने म्हटलं, ‘ईश्वराला स्मरून.’ धनीबाईने मागून म्हटलं आणि सगळी साक्ष पहिल्यापासून पुन्हा दिली.

निकाल लागला तोवर आमचं राज्य पुन्हा बदललं होतं, आता आम्ही महाराष्ट्रात होतो. वाट नेमसिंगला मिळाली. तो पेढे घेऊन डोमाजीच्या घरी निघाला, तेव्हा मीही सोबत गेलो. डोमाजीने पेढा हातात घेतला आणि तसाच धरून बसला. नेमसिंग गेल्यावर सत्यभामा त्याच्यापुढे येऊन बसली.

“त्या दिवशी तुमी ते नाव तुमच्यासाठी घेतलं, का तिच्यासाठी?”

“तिच्यासाठी.”

“मंग ते तिचंच होतं ना. तुमी कायले जीवाले लावून घेता?”

डोमाजीने हातातला पेढा तिच्या हातावर ठेवला. मी उठायला लागलो, तेव्हा तो हळूच म्हणाला, “तोंड त माहंच होतं.”