लाल खुर्ची

शहराच्या सदर भागातल्या आमच्या संशोधन कार्यालयात गरिबीचे तक्ते मी करतो. त्यासाठी घरोघरी जाऊन फॉर्म भरणारे आमचे एक जुने कर्मचारी आहेत. वय पन्नाशीचं, खिशाला दोन पेनं, आणि काहीही सांगा, आधी ‘हाव जी’. कुणाच्याही घरी गेले की जमिनीवरच बसतात. कारण विचारलं तर म्हणतात, “मले खालीच बरं वाटते.” मला ते खूळ वाटायचं. शिवाय त्यांच्या फॉर्ममध्ये इतरांपेक्षा गरीब घरं जास्त निघत, म्हणून थोडी शंकाही होती.

ती तपासायला मी एकदा त्यांच्यासोबत कुहीकडच्या एका वस्तीत गेलो. पहिल्या घरी मला लाल प्लास्टिकची खुर्ची मिळाली; तिचा मोडका हात तारेनं बांधलेला होता. दुसऱ्या घरीही. तिसऱ्या घरी कोपर टेकलं, तर तारेनं बांधलेला तोच मोडका हात. आम्ही एका घरातून उठलो की पाहुण्यासाठी ती खुर्ची मागच्या दारानं पुढच्या घरी पोहोचत होती.

घरात खुर्ची असली की आमच्या तक्त्यात ते घर एक पायरी वर चढतं. ती पायरी मीच ठरवली होती.

“मावशी, घरी खुर्ची हाय का?” त्यांनी विचारलं.

त्या घरातली म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, “हाव ना जी, साहेब बसले हायेत.”

त्यांनी काहीच लिहिलं नाही. हळूच मला म्हणाले, “साहेब, खाली या जी.”

मी सारवलेल्या जमिनीवर बसलो. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

म्हातारीनं पदर सावरला. “नाही बापा,” ती म्हणाली.