पायघणाचे कर्ते भिकाजीराव

भिकाजीराव साळुंके यांची माझी पहिली ओळख झाली ती एका तुटक्या पायडलमुळे. महाराष्ट्र राज्य नुकतंच जन्माला आलं होतं आणि त्याला वळण लावण्यासाठी मी नांदुऱ्याच्या माझ्या छापखान्यातून दर आठवड्याला अग्रलेख झाडत होतो. पायानं चालवायच्या त्या छपाईयंत्राचं पायडल तुटलं आणि राज्याला माझ्या सल्ल्याविना राहावं लागलं. म्हणून वडनेर भोलजीला भिकाजीरावांचं लोहारकामाचं दुकान गाठलं.

भिकाजीरावांनी सांडशीत धरलेला लालभडक फाळ ऐरणीवर होता आणि समोर त्यांच्या पत्नी गोदाकाकू घण मारत होत्या. लोहारांच्या घरची ही जुनी रीत. पण काकूंच्या उजव्या खांद्याला फडकं बांधलेलं होतं आणि दर घावाला त्या ओठ चावत होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की आणखी एक हंगाम घण उचलला, तर हात पुन्हा वर जाणार नाही.

"काय करता सायेब, माह्या आजीनं मारला, मायनं मारला. आमच्यात घण बाईच मारते," भिकाजीराव ओशाळून म्हणाले.

"सासूनं खांदा देल्ला म्हून म्याबी देऊ काय?" काकूंनी विचारलं.

 भिकाजीराव उत्तर भंगारात शोधू लागले. मोटारीचे मोडके कमानपाटे, कापसाच्या जिनिंगमधून टाकून दिलेला दांडा, बैलगाडीचा जुना आस यांतून त्यांनी एक यंत्र जुळवलं. पायडल दाबलं की दांड्याच्या टोकाचा घण ऐरणीवर पडायचा. पाय उचलला की पाटे त्याला वर ओढून घ्यायचे. वीज नको, खांदा नको. गावानं त्याला 'पायघण' म्हटलं.

पहिल्या चाचणीला मी हजर होतो. पेरणी तोंडावर आलेली, फाळ घेऊन आलेल्या शेतकऱ्यांची दाटी. भिकाजीराव सांडशी धरून म्हणाले, "दाब वं!" पलीकडून काकूंनी पाय दिला. घण बरोबर पडला. लोक वाहवा करू लागले.

काकू मात्र दुसऱ्यांदा पाय देईनात. "झ्याक झालं. औंदा खांदा गेला, पुढच्या साली गुडघा जाईन. पायडल माह्याकडं काऊन?"

 भिकाजीरावांच्या सांडशीतला फाळ काळा पडला. लोहाराच्या हातात लोखंड निवताना मी तेवढंच एकदा पाहिलं. "ध्यानातच नाई आलं," ते हळूच म्हणाले. "तिकडं तूच उभी राह्यते ना."

त्याच दुपारी त्यांनी सगळं यंत्र उकललं. पायडल आपल्या बाजूला आणायचं, तर दांडा ऐरणीखालून वळवून घेणं भाग होतं. त्याला चार दिवस लागणार होते. शेतकरी कुरकुरले, "चालू द्या ना दादा! काकू उभ्याच हायेत, चार दिसानं काय होते?"

"नांगर चार दिस थांबन," भिकाजीराव म्हणाले. "तिचा गुडघा नाई थांबत."

पाचव्या दिवशी सांडशी आणि पायडल दोन्ही त्यांच्याकडं आली. त्या गडबडीतही त्यांनी माझं पायडल जोडून दिलं, हा त्यांचा चांगुलपणा. पुढे गावोगावचे लोहार पायघण पाहायला आले, तेव्हा त्यांनी प्रत्येकाला सुतळीनं मापं घेऊ दिली. वर "पायडल आपल्याकडं ठेवजा" हे आवर्जून सांगितलं. स्त्रियांच्या कष्टांवर टाळ्या घेणारे वक्ते मी पुष्कळ ऐकले, सभेनंतर त्यांना घरी चहाची आज्ञा सोडतानाही ऐकलं, आणि त्यांत मीही येतो. चूक दिसताच चार माणसांदेखत यंत्र उकलणारे गृहस्थ मात्र मला हे एकच भेटले. त्यांचा मी ऋणी आहे.

त्या वर्षीच्या दसऱ्याला हत्यारांची पूजा होती. पायघणाच्या उंच टोकाला झेंडूची माळ बांधायला भिकाजीराव स्टूल शोधू लागले. काकूंनी त्यांच्या हातून माळ घेतली, टाचा उचलल्या आणि उजवा हात सरळ डोक्यावर नेऊन ती बांधली. भिकाजीराव तोंड फिरवून भट्टीतले कोळसे सारखे करत राहिले.

आज त्यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांचे पाय असेच भक्कम राहोत, आणि पुढचे कितीतरी दसरे ती माळ काकूंच्याच हातानं चढो.